विकलेली बाग

दुपारी हातातली शिवण संपली की शिंपीणबाई मशीन झाकून मुलीच्या खोलीत जायच्या. मुलगी जाऊन वर्ष होत आलं होतं, पण तिचा पलंग कुणी हलवला नव्हता. बाई पलंगाच्या कडेला टेकायच्या, टीव्ही लावायच्या आणि गेमचा कंट्रोलर हातात घेऊन लेकीने लावलेल्या बागेत शिरायच्या.

लहानपणी लेक एका जागी ठरायची नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. पुढे आजाराने पायांतलं बळ गेलं आणि भिंगरी अंथरुणाला खिळली. वडील बस चालवायचे. जादा पाळ्या करून त्यांनी तो गेम विकत आणला. त्यात ती डोंगर चढायची, नदी पोहून जायची. तिथेच तिने पेरूची, चिंचेची झाडं लावून बाग उभी केली. आईलाही तिनेच खेळायला शिकवलं.

"अगं आई, झाडावर काय आपटतेस सारखी? बाजूने जा ना," म्हणत ती खोकला येईपर्यंत हसायची.

एका दुपारी बागेऐवजी पडद्यावर सूचना आली. महिनाअखेर हा गेम कायमचा बंद होणार. नवा भाग बाजारात आला आहे, जुन्या ग्राहकांना खास सवलत.

वडिलांनी कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी अदबीने बोलत होती.

"काका, ती बाग आमच्या सर्व्हरवर आहे. तुम्हाला काढून देता येणार नाही."

"अहो, पण गेम आम्ही विकत घेतलाय."

"तुम्ही फक्त खेळायची परवानगी घेतलीत. अटींमध्ये तसं लिहिलंय." मग ती हळूच म्हणाली, "मला वाईट वाटतंय, काका. माझ्या हातात काही नाही."

शेवटच्या दिवशी वडिलांनी रजा टाकली. दोघं पलंगावर शेजारी बसली. बाईंनी एकेका झाडापाशी थांबून बाग डोळ्यांत साठवली. बघता बघता पडदा काळा झाला. वडील उगाच बटणं दाबत राहिले.

"असू द्या," बाई म्हणाल्या. त्यानंतर कितीतरी दिवस त्या मशीनवर बसल्या नाहीत.

वडिलांनी ग्राहक न्यायालयात तक्रार केली. सुनावणीच्या दिवशी कंपनीचा वकील म्हणाला, "माणुसकी म्हणून नवा गेम फुकट देतो. तक्रार मागे घ्या."

"नको," बाई तिथे पहिल्यांदाच बोलल्या. "तोही असाच काढून न्याल."

निकाल विरुद्ध गेला. अटी मान्य करूनच गेम घेतला होता, म्हणून कंपनी दोषी नाही.

बाहेर जिन्यात वडील मटकन बसले. "चल, संपलं. आपल्या हातात होतं ते केलं आपण."

"वर दाद मागता येते ना?"

"येते. पण बाग नाही गं मिळायची."

"ते काय मला कळत नाही? पोर गेली, बागही गेली." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "पण उद्या दुसऱ्या कुणाला विकताना तोंडावर सांगू देत, की बाई, हे तुझं नाही, आम्ही वाटेल तेव्हा काढून घेऊ. एवढं सांगायला तरी त्यांना लावायचं."

बाईंनी हात पुढे केला, वडिलांना उठवलं, आणि अपील कुठे करायचं ते विचारायला दोघं पुन्हा जिना चढू लागली.