निरोप्याच्या वाट्याचं तेल

सुनेने परवा तिच्या कुत्रीसाठी माशाच्या तेलाची बाटली आणली. वर दाबायची तोटी, एकदा दाबली की मोजकंच तेल बाहेर. तिने आधी कुत्रीला वजनकाट्यावर उभं केलं, मग फोन करून डॉक्टरांना विचारलं, मग बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरं वाचली आणि त्यानंतर कुठे एक पिचकारी खाण्यावर मारली. मी म्हटलं, "अगं, पोटच्या पोराला औषध देताना एवढी चौकशी केली नव्हतीस." ती हसली. मला खरं तर तिचं कौतुकच वाटलं होतं, पण सासूने लगेच तसं कबूल करायचं नसतं. मग तो वास माझ्यापर्यंत आला, आणि मी बसल्या खुर्चीतून थेट आमच्या फोटोच्या दुकानात जाऊन पोहोचले.

दुकान खाली आणि आम्ही वर. जिना चढून गेलं की डावीकडे दादा आणि जाऊबाईंच्या दोन खोल्या, उजवीकडे आमच्या दोन, मध्ये एक सतरंजी पसरेल एवढी जागा. दादा म्हणजे माझे थोरले दीर. ते डार्करूममध्ये लाल दिव्याखाली फोटो धुवायचे. आमचे हे पुढच्या बाजूला गिऱ्हाईक स्टुलावर बसवून "हनुवटी खाली, जरा हसा, एवढं नको" असं करत फोटो काढायचे आणि मग उतरत्या काचेवर निगेटिव्ह ठेवून टोकदार पेन्सिलीने रिटचिंग करायचे. कुणाच्या पुटकुळ्या घालवायच्या, कुणाच्या डोळ्यांखालचं काळं. जाऊबाई नागमोडी कडेच्या कटरने फोटो कापायच्या, मी पाकिटात घालून गिऱ्हाइकाला द्यायची. चौघांचं कसं छान चाललं होतं. हल्ली आठवलं की वाटतं, तेव्हा आपण किती सुखात होतो आणि किती कुरकुरत होतो!

मग सासरे गेले. त्यांचा मोठा फोटो दुकानात लावायचा ठरलं. फोटो दादांनीच पूर्वी काढलेला. यांनी आठवडाभर बसून तो रिटच केला आणि सासऱ्यांच्या गालावरचा भाजल्याचा डाग काढून टाकला. बाबांना तो डाग कधीच आवडला नव्हता, फोटो काढताना ते नेहमी तोंड वळवायचे, हे यांचं म्हणणं. दादांनी फोटो पाहिला आणि म्हणाले, "हे कोण गृहस्थ आहेत? आमचे बाबा कुठे गेले?" एवढंच. त्या एवढ्याशा डागावरून सख्ख्या भावांनी एकमेकांशी बोलणं टाकलं, ते तीन वर्षं. फोटो भिंतीकडे तोंड करून कोपऱ्यात उभा राहिला.

आता बोलणं टाकलं तरी दुकान कसं चालायचं? आत कळायला हवं, बाहेर किती प्रती हव्यात. बाहेर कळायला हवं, आत काय झालं. तिथे कामाला आला कुत्रा. सासऱ्यांनीच आणलेला, काळा, एक कान पडका. तो डार्करूमच्या दाराला पाठ लावून झोपायचा. हे त्याला म्हणायचे, "काय रे, आत सांग, पासपोर्टच्या आठ प्रती, संध्याकाळपर्यंत." दाराआडून दादांचा आवाज यायचा, "त्याला सांग, निगेटिव्ह पातळ आलंय, उजेड कमी पडला." लेकी बोले सुने लागे, तशातला प्रकार. कुत्रा बिचारा यांच्याकडे आणि दाराकडे आळीपाळीने बघायचा आणि शेपूट आपटायचा. जाऊबाईंनी त्याचं नाव निरोप्या ठेवलं. गिऱ्हाइकांना वाटायचं, कुत्र्याचं फारच कौतुक आहे या घरात.

कौतुक होतंच. मी तर त्याला देवासारखं जपायची, कारण मला दिसत होतं की या दोन भावांमध्ये उरलेला धागा काय तो हाच. हा गेला की वर दोन बिऱ्हाडं आणि खाली दोन मुके. दुकान त्यानंतर महिनाभरही टिकलं नसतं.

आणि निरोप्या म्हातारा होत चालला. केस झडायला लागले, जिना चढताना मागचे पाय ओढायला लागला. मी आणि जाऊबाई त्याला गुरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. ते म्हणाले, "वय झालंय. रोज एक लहान चमचा माशाचं तेल खाण्यात घाला, एक व्हिटॅमिनची गोळी द्या. बघू." घरी येऊन आम्ही दोघींनी ठरवलं की तेल आणि गोळी जाऊबाईंकडून जाईल. मी यांना तसं सांगितलं. "बरं," म्हणाले. यांचं 'बरं' म्हणजे काय असतं, हे लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तरी मला कळायला हवं होतं.

निरोप्या सुधारला. पंधरा-वीस दिवसांत अंगावर तकाकी आली, जिना उड्या मारत चढायला लागला. आम्ही दोघी खूश. पुढे मात्र काहीतरी बिनसलं. आधी त्याने खाणं कमी केलं. मग भांडंच्या भांडं पाणी प्यायला लागला. मान वळवेना. दुकानात कुणी आलं तर नुसते डोळे फिरवायचा. हे म्हणायचे, "आत सांग, चार प्रती," तर शेपटीचं टोक तेवढं हलायचं. एका सकाळी त्याने उलटी केली आणि उठलाच नाही.

दुकान बंद करून चौघंही दवाखान्यात गेलो. लग्नकार्य सोडलं तर आम्ही चौघं एका गाडीत बसल्याचं मला आठवत नव्हतं. दादा पुढे, हे मागे, निरोप्या माझ्या आणि जाऊबाईंच्या मांडीवर आडवा.

डॉक्टरांनी त्याला पत्र्याच्या टेबलावर ठेवलं, मानेला हात लावला तसा तो कळवळला. "काय काय देता याला?"

"माशाचं तेल," दादा म्हणाले.

"माशाचं तेल," हेही म्हणाले, त्याच क्षणी.

डॉक्टरांनी चष्मा वर केला. "म्हणजे देतं कोण?"

"मी," दोघं म्हणाले.

मी जाऊबाईंकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. दादा पहाटे उठून स्वतः द्यायचे, एवढं जाऊबाईंना ठाऊक होतं. आमच्या यांनी मात्र एक बाटली रिटचिंगच्या खणात, पेन्सिलींच्या मागे दडवली होती, आणि दुकान बंद करताना ते पावाला लावून द्यायचे. "याच्या भरवशावर कोण राहील?" असं बहुधा दोघांच्याही मनात. आणि निरोप्या सकाळी खाऊन संध्याकाळी असं तोंड करायचा की जन्माचा उपाशी आहे.

"केवढा चमचा?"

"मोठाच," दादा म्हणाले. "लहानाने काय होतंय?"

"मी दोन," हे पुटपुटले. "फरक दिसत होता म्हणून."

"आणि गोळी?"

गोळीही दोघांची. डॉक्टरांनी बाटलीवर काय लिहिलं होतं ते विचारलं, तेव्हा आणखी एक उजेड पडला. साधं माशाचं तेल दोघांपैकी एकानेही आणलं नव्हतं. लहानपणी आईने नाक दाबून पाजलेलं ते माशाच्या लिव्हरचं तेल, तेच दोघांनी वेगवेगळ्या दुकानांत जाऊन मागून घेतलं होतं. त्यांच्या आईने ज्याच्यावर दोन्ही पोरं वाढवली, ते कुत्र्याला कमी कसं पडेल?

"त्या तेलात अ आणि ड जीवनसत्त्व ठासून भरलेलं असतं," डॉक्टर म्हणाले. "जास्तीचं झालं तरी लघवीवाटे जात नाही. अंगात साठत राहतं आणि मग विष होतं. त्यात तुमच्या गोळ्या. अहो, तुम्ही एकाच घरात राहता ना?"

"हो."

"मग एकमेकांना विचारलं नाहीत?"

दोन घरचा पाहुणा उपाशी, असं आपण म्हणतो. आमचा दोन्ही घरी जेवून मरायला टेकला होता. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

दादा टेबलावर वाकले, निरोप्याच्या पडक्या कानाशी. "सांग त्याला," म्हणाले, "घरात मोठं माणूस असताना आपल्या मनाने..."

"याला सांग," हे दुसऱ्या बाजूने वाकले, "की मोठ्या माणसानेच..."

"त्याला काहीएक सांगू नका," डॉक्टर ओरडले. "तो आजारी आहे!"

निरोप्याला सलाइन लावून दवाखान्यातच ठेवून घेतलं. काही खाल्लं तर आशा आहे, म्हणाले. परतताना गाडीत माझी मांडी रिकामी होती. मला रागही आला होता. दोन घोडे एवढे वाढलेले, आणि त्यांचं वैर त्या मुक्या जनावराने पोटात घालायचं?

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. असा दिवस मी त्या दुकानात पाहिला नाही. डार्करूमच्या दाराशी निरोप्याची जागा रिकामी, फरशीवर त्याच्या अंगाचा तेलकट डाग. एक मुलगी नोकरीच्या अर्जासाठी फोटो काढायला आली. यांनी फोटो काढला, फिल्म आत दिली आणि सवयीने खाली बघून म्हणाले, "आत सांग..." आणि थांबले. आतून कुणी विचारलं नाही. जाऊबाई पुढे झाल्या, "मी सांगते हो," तर हे "नको" म्हणाले. आत दादांनी अंदाजाने किती प्रती काढायला घेतल्या कोण जाणे. दुपारचा चहा दोघांचाही निवला. मी मनात म्हटलं, झालं, संपलं. आता वाटण्या कधी, एवढंच विचारायचं राहिलं.

दिवेलागणीला फोन वाजला. यांनी उचलला. "हो... हो... कधी?... हो." फोन ठेवला आणि तसेच उभे राहिले. मी विचारलं, "अहो, काय झालं?" माझ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते त्या रिकाम्या फरशीकडे बघत होते. तीन वर्षांत आत पोहोचवायचा प्रत्येक शब्द त्यांनी त्या जागेवर टाकला होता. माझ्या तोंडावर आलं होतं, की द्या, मी सांगते आत. जाऊबाईंनी माझा हात गच्च धरला.

डार्करूमच्या दारावर लाल दिवा लागलेला. आत काम चालू असलं की दार उघडायचं नाही, हा सासऱ्यांचा नियम. हे दारापाशी गेले. कपाळ दाराला टेकवलं.

"दादा," म्हणाले.

आत पाण्याचा आवाज चालू होता तो बंद झाला.

"दादा, त्याने खाल्लं. उठून उभा राहिला आणि वाटीभर खाल्लं."

मग दादांचा आवाज आला, दाराच्या अगदी जवळून, म्हणजे तेही दाराशीच येऊन उभे होते.

"काय म्हणालास?"

"खाल्लं म्हणतोय त्याने."

"ऐकू नाही आलं रे," दादा म्हणाले. "परत सांग."

त्यांचा आवाज फाटला होता. यांनी परत सांगितलं. दादांनी परत विचारलं. जाऊबाई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होत्या आणि मीही. आत रसायनाच्या ट्रेमध्ये त्या नोकरीवाल्या मुलीचा फोटो पडून राहून काळाठिक्कर होत गेला. दादांच्या हातून आयुष्यात बिघडलेला फोटो तेवढा एकच.