गोधडीची सुलट बाजू

यंदा हिवाळ्याच्या तोंडाशी मला वक्तृत्व स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं आणि घरातल्या माणसांचे हाल सुरू झाले. त्याआधी मी वर्गात हजेरी द्यायलासुद्धा लाजायचे. आता मला कशावरही तीन मुद्दे सुचायला लागले. दूध उतू जात असेल तर मी आधी प्रस्तावना करायचे, मग गॅस बंद करायचे.

त्याच भरात मी जाहीर केलं, "मला स्वतःची खोली हवी."

आमचं घर अडीच खोल्यांचं. पुढच्या खोलीत दिवसा आई कपडे शिवते आणि रात्री मी झोपते. माझ्या उशीखाली स्वप्नं वगैरे नसतात, टाचण्या असतात. उरलेली अर्धी म्हणजे मागची खोली. तिच्यात माणूस शिरू शकतो, पण वळू शकत नाही, इतकं सामान.

आईने मशीनवरून मान वर केली नाही. "हिवाळा संपायच्या आत मागची खोली रिकामी कर, तुझी. पण दर दोन मिनिटांनी 'हे ठेवू की टाकू' करत माझ्या डोक्याशी यायचं नाही. तुझं डोकं वापर."

डोकं त्या दिवसांत माझ्याकडे भरपूर होतं. मी खोलीत तीन ढीग ठरवले : ठेवायचं, देऊन टाकायचं, फेकायचं. अडचण एकच, बाबा. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात, त्यामुळे खाली गेलेली कुठलीही गोष्ट एक दिवस वर येते यावर त्यांची श्रद्धा आहे.

"बाबा, ही अकरा झाकणं. डबा एकही नाही."

"डबे सापडतील."

"आणि हा पंखा? एकच पातं आहे याला."

"एक तर आहे ना! म्हणजे आता दोनच शोधायची."

"मागच्या दहा वर्षांत सापडली?"

"तू तरी कुठे मागच्या दहा वर्षांत खोली आवरायला आली होतीस?"

बाबांशी वाद घालताना वक्तृत्वाचं बक्षीस काही कामाला येत नाही. मग बाबा कामावर गेले की मी फेकायचे आणि घरी आले की ते कचऱ्याच्या पिंपातून परत आणायचे. एक तुटकी छत्री तर तीनदा घरी आली. चौथ्यांदा मीच तिचं स्वागत केलं.

दोन आठवड्यांनी दाराची मागची बाजू दिसली. तिथे खिळ्याला एक गठ्ठा टांगलेला होता. सुतळीने बांधलेले जाड, पांढुरके मांजरपाटाचे तुकडे. कुठला बाहीसारखा, कुठला अर्ध्या छातीसारखा. आईचे फर्मे, म्हणजे ज्यावरून ती कापड बेतते ते नमुने, खाकी कागदाचे असतात आणि पुढच्या खोलीत भिंतीला लटकतात, हे मला जन्मापासून माहीत. मग हे कापडाचे म्हणजे चुकलेले, बाद झालेले असणार. कसं डोकं वापरलं!

शिवाय ते तुकडे फार सुंदर होते. प्रत्येकावर आतल्या बाजूला आईच्या अक्षरात निळ्या पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं आणि कोपऱ्यात एक छोटं चित्र. नाव कुठेच नाही. एका पाठीच्या तुकड्यावर त्रिकोण आणि खाली : 'डावा खांदा दोन बोटं उतरता. आतून भर घालणे. कळता कामा नये.' दुसऱ्यावर पाव : 'श्वास रोखून माप देते. तीन बोटं वाढव, बोलू नको.' आणि एका चिमुकल्या तुकड्यावर चोच उघडी टाकलेली चिमणी : 'क्षणभर उभी राहत नाही. अखंड बडबड. अंदाजे घेतलं.'

मी पोट धरून हसले. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. शाळेत हस्तकलेच्या बाईंनी प्रदर्शन जाहीर केलं होतं, 'टाकाऊतून टिकाऊ'. याची गोधडी!

तरी मी विचारायला गेले. अट मोडून गेले, हे नोंदवून ठेवते. आई कुणाच्या तरी पायघोळ झग्याची किनार टाचत जमिनीवर बसली होती.

"आई, दारामागचा तो जुना गठ्ठा घेऊ?"

"हं," आई म्हणाली.

तिच्या तोंडात पाच टाचण्या होत्या. तोंडात टाचण्या असलेल्या माणसाचा 'हं' हा होकार नसतो, नकार नसतो, तो फक्त 'आत्ता बोलले तर गिळीन' एवढाच असतो. हे ज्ञान मला पुढे फार महाग पडलं.

मग मी सगळा हिवाळा शिवत बसले. सहा वाजताच उजेड जायचा, खिडकीच्या काचेवर वाफ धरायची आणि मी मागच्या खोलीत, सामान हललेल्या जागी, दोन-दोन मोजे घालून टाके घालायचे. दार लावून, कारण हे आईला थेट प्रदर्शनात दाखवून थक्क करायचं होतं. शिंपिणीच्या मुलीला शिवता येत असेल असा तुमचा समज असेल, तर तो बाजूला ठेवा. चौकोन कापायचा मला कंटाळा, म्हणून तुकडे होते तसेच एकमेकांवर चढवले, खाली बाबांच्या जुन्या निळ्या पलंगपोसाचं अस्तर घातलं आणि पांढऱ्या दोऱ्याने धावदोरा घालत सुटले. माझा धावदोरा धावायचा खरा, पण ठेचकाळत. पहिला टाका मुंगीएवढा, दुसरा झुरळाएवढा. एकदा उठायला गेले तर गोधडीही माझ्याबरोबर उठली. मी तिला माझ्याच झोपायच्या पायजम्यासकट शिवलं होतं. उसवायचा कंटाळा, म्हणून कात्रीने पायजमा कापून सुटका करून घेतली. गुडघ्याचा फुलाफुलांचा तुकडा अस्तरावर राहिला तो राहिलाच. पण हे सगळं उलट्या बाजूला. उलटी बाजू कोण बघतंय?

प्रदर्शनाच्या दिवशी शाळेच्या लांब व्हरांड्यात दोरीवर चिमट्यांनी माझी गोधडी टांगली आणि गर्दी झाली. खरीखुरी गर्दी! पोरं वाचत होती, हसत होती, दुसऱ्यांना हाका मारून आणत होती. शेजारी हातरुमालाचा ससा होता, त्याच्याकडे कुणी ढुंकून बघेना. दुपारी बक्षीस ठरायचं होतं आणि चार वाजता आई येणार होती. मी पट्टी हातात घेऊन निवेदन सुरू केलं.

"हे बघा, ही पाववाली! श्वास रोखून माप देते! आणि ही चिमणी, हिची बडबड बघा, शिंपिणीचाही धीर सुटला!"

सगळ्यात जास्त हशा चिमणीला. मी तिच्यावर तीनदा टाळ्या घेतल्या.

"पण ही खरी माणसं आहेत का गं?" माझ्या बाकावरच्या मैत्रिणीने विचारलं.

खरं सांगते, तोपर्यंत हा प्रश्न मला पडलाच नव्हता. आणि पडल्यावर मी काय करावं? मी पट्टी त्रिकोणावर टेकवून ओरडले, "ओळखा पाहू, हा खांदा कुणाचा?"

"जो ओझी उचलतो त्याचा!"

"त्रिकोण म्हणजे समोसेवाला!"

"त्रिकोण म्हणजे…" मागचा कुणीतरी म्हणाला आणि थांबला. गर्दी बाजूला झाली. भूमितीचे सर आले होते.

सर या वर्षी निवृत्त होणार. फळ्यावर हाताने रेघ मारतात तर पट्टी लाजते, आणि स्वतः तर रेघेपेक्षा सरळ. कोट कायम चापूनचोपून. सरांनी चष्मा वर केला, त्रिकोणाखालचं वाचलं. मग त्यांचा उजवा हात सावकाश उठला आणि डाव्या खांद्यावर जाऊन बसला, माशी हाकलायला जावा तसा. पण माशी नव्हती.

मला आमच्या घरचं एक वाक्य आठवलं. शेजारणी येतात, चहा घेतात, हळूच विचारतात, "काय हो, त्या बेकरीवालीची कंबर किती भरली?" आणि आई दर वेळी म्हणते, "मी कापड मोजते, माणसं नाही." त्या गेल्यावर मला म्हणते, "माप घराबाहेर गेलं की गिऱ्हाईकही बाहेर जातं. आणि बरोबरच आहे त्याचं."

सर माझ्याकडे वळले. रागावले असते तर बरं झालं असतं, रागावलेल्या माणसासमोर मला मुद्दे सुचतात.

"अक्षर ओळखीचं आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "हा तुकडा जरा घडीत जाईल असं टांगता येईल का?"

एवढंच. आणि पुढच्या सशाकडे गेले. सशाचे कान त्यांनी फार लक्षपूर्वक पाहिले.

व्हरांड्याच्या टोकाला हस्तकलेच्या बाई पाहुण्या परीक्षकांना घेऊन वळल्या. एक तुकडा घडीत घातला तर पाववाली उरत होती. पाववाली झाकली तर बाकीचे नऊ जण. बक्षीस मिळाल्यापासून पहिल्यांदा माझ्याकडे एकही मुद्दा नव्हता. मी चिमटे काढले, गोधडी फिरवली आणि पुन्हा टांगली.

निळ्या अस्तरावर माझे पांढरे टाके झळकले. भूकंपाची नोंद घेणाऱ्या यंत्राने काढल्यासारखे. बोराएवढ्या गाठी. मधोमध माझा फुलाफुलांचा गुडघा.

"अगं, उलटी टांगलीस," बाई म्हणाल्या.

"नाही बाई. हीच सुलट."

परीक्षकांनी गुडघ्याकडे बोट दाखवलं. "हे काय?"

"पायजमा," मी म्हटलं. "माझाच."

मघाशी हसलेले सगळे पुन्हा हसले, या वेळी निवेदनाची गरज नव्हती. पहिलं बक्षीस सशाला गेलं.

चार वाजता आई आली. गोधडीपुढे उभी राहिली आणि किनार तपासावी तशी दोन बोटांनी कोपरा उचलून मागे पाहिलं. कोपरा सोडला. तिचा चेहरा मी आजवर असा पाहिला नव्हता. तोंडात एकही टाचणी नसतानाही ती बोलत नव्हती.

"किती जणांनी वाचलं?"

"बऱ्याच जणांनी," मी म्हटलं. मग, "मीच वाचून दाखवलं."

"सरांनी?"

मी होकारार्थी मान हलवली. आईने गोधडीची घडी घातली, अस्तर बाहेर ठेवून.

घरी आल्यावर आम्ही दोघी उसवायला बसलो. तेव्हा तिने सांगितलं. कागदाचा फर्मा कुणासाठीही असतो. कापडाचा त्यांच्यासाठी, ज्यांचं शरीर कागदाला ऐकत नाही. एकेक फर्मा जमायला वर्षं लागतात, आणि या हिवाळ्यात त्यांतल्या कुणाचं काम न आल्यामुळे गठ्ठा गेल्याचं तिला कळलंच नव्हतं. सरांचा अकरा वर्षांचा. निरोप समारंभाचा कोट त्याच्यावरूनच बेतायचा होता, रविवारी दहाला ते माप द्यायला येणार होते.

"येतील?"

"माहीत नाही. नाही आले तर परत कधीच येणार नाहीत. आणि मी बोलवायलाही जाणार नाही, कुठल्या तोंडाने जाऊ?"

बाबा दारात येऊन म्हणाले, "मी म्हणत होतो ना, काही टाकू नका." आईने त्यांच्याकडे पाहिल्यावर ते झाकणं मोजायला गेले.

वीस मिनिटांत गोधडी सुटी झाली. एकही फर्मा कापलेला नव्हता, मी आळशी म्हणून. एकाही ठिकाणी कापड ओढलं गेलं नव्हतं, माझे टाके हातभर म्हणून. "नीट शिवलं असतंस तर संपलोच असतो," आई म्हणाली. माझ्या शिवणकामाची आजवर झालेली ही एकमेव स्तुती.

शेवटी चिमणी सुटली. मी विचारलं, "ही कोण गं? हिच्यावर लोक सगळ्यात जास्त हसले."

आईने तो चिमुकला तुकडा माझ्या खांद्याला लावून पाहिला.

"पाच वर्षांची होतीस," ती म्हणाली. "तासभर माप घेत होते."

भर व्हरांड्यात मी स्वतःवर तीनदा टाळ्या घेतल्या होत्या.

रविवारी दहा वाजले. सव्वादहा झाले. आईने टेप तीनदा गुंडाळला, तीनदा सोडला. मी माफीचं भाषण पाठ करून उभी : प्रस्तावना, तीन मुद्दे, समारोप. दहा पंचवीसला बेल वाजली.

सर आत आले, कोट काढून खुर्चीवर ठेवला. कोटाशिवाय मी त्यांना प्रथमच पाहिलं. खांदा होता तसा होता.

"आदरणीय सर," मी सुरुवात केली, "माणसाच्या आयुष्यात असे काही प्रसंग येतात…"

"सिद्ध काय करायचंय?" सरांनी विचारलं.

"चुकले," मी म्हटलं.

"मग पुढच्या पायऱ्या कशाला?" आणि ते आईकडे वळून, हात सैल सोडून उभे राहिले. "दोन नाही, आता अडीच बोटं आहे हो. लिहून घ्या."

आईच्या तोंडात टाचण्या होत्या. तिने निळी पेन्सिल माझ्या हातात दिली. मी त्रिकोणाखाली लिहिलं, फर्मा उलटा केला आणि मागच्या खोलीत, दारामागच्या खिळ्याला टांगला. सर गेल्यावर आई म्हणाली, "खोली तुझी. खिळा माझा." बाबांचा पंखाही माझ्याच खोलीत राहिला आहे, दोन पात्यांची वाट बघत.

त्या गुरुवारी आईने माझंही नवीन माप घेतलं. मी हूं की चूं न करता उभी राहिले. तिने मांजरपाट कापला, आतल्या बाजूला बराच वेळ काहीतरी लिहिलं, घडी घातली आणि गठ्ठ्यात सगळ्यात वर बांधून टाकली. झोपताना तो गठ्ठा माझ्या नाकासमोर असतो. घडीतून फक्त कोपऱ्यातली चिमणी दिसते. आज सोमवार, चार दिवस झाले, मी ती घडी उघडलेली नाही.

चिमणीची चोच मात्र अजून उघडीच काढली आहे, एवढं बाहेरून दिसतं.