छत्रीच्या मागे चला

मित्रांनो, मी एक जुनी पिवळी छत्री आहे. जुनी आहे आणि मोठीही आहे, दोन माणसं आरामात मावतील एवढी. पण कितीतरी वर्षं माझ्याखाली एक माणूस उभं राहिलं असेल तर शपथ. मला कोणी उघडायचंच नाही. छत्रीच्या जन्माला यायचं आणि भर पावसात मिटून राहायचं, हे दुःख दुसऱ्या कुणाला सांगून कळणार नाही. तरी सांगते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांब टेबलाशी बायका ओळीनं बसायच्या. कुणी काड्या जोडायची, कुणी कापड ताणायची, कुणी टाके घालायची. मला शिवणारी बाई शिवता शिवता शेजारणीशी भांडत होती, त्यामुळे माझी एक शिवण आजही जरा वाकडी आहे. बाकी मी देखणी होते. लाकडी दांडी, वळलेली मूठ, आणि रंग असा की आंधळ्यालाही दिसावा. मला एका मोठ्या हॉटेलच्या दरवानासाठी बनवलं होतं. गाडीतून उतरणाऱ्या पाहुण्यांच्या डोक्यावर मला धरायचं आणि सलाम ठोकायचा, असं थाटाचं काम माझ्या वाट्याला येणार होतं.

पण तो थाट माझ्या नशिबात नव्हता. हॉटेलातल्या एका पाहुण्यानं बेट बघायला जाताना मला सोबत घेतलं आणि परतताना होडीच्या बाकाखाली विसरला. होडीवाल्यानं पुष्कळ दिवस वाट पाहिली, कुणी विचारायला आलं नाही, तेव्हा त्यानं मला बेटावरच्या गाइडबाईच्या हातात दिलं. तिला सगळे ताई म्हणायचे, म्हणून मीही ताईच म्हणते.

ताई अंगानं लहानखुरी. आवाज मात्र खणखणीत. रोज सकाळी होडी लागली की प्रवाशांना घेऊन ती बेट दाखवायला निघायची. आधी होड्या बांधणाऱ्या सुताराची पडवी, मग टोपल्या विणणाऱ्या बायकांचं अंगण, मग जंगल, खारफुटीतली फळ्यांची वाट आणि शेवटी दीपगृह. अडचण एकच होती. ताई पुढे गेली की गर्दीत बुडून जायची. मागची माणसं भलत्याच माणसाच्या मागे लागायची. एकदा तर अख्खं कुटुंब सुताराच्या मागोमाग त्याच्या स्वयंपाकघरापर्यंत गेलं होतं.

मी हातात आल्यावर ताईनं मला मिटलेलीच वर धरली. झालं. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. त्या दिवसापासून मी तिच्या हातात कायमची गेले.

पहिल्या पावसात मला वाटलं, आता तरी उघडेल. सुतारानंही विचारलं, "अगं ताई, हातात एवढी छत्री असून भिजतेस काय?"

ताई म्हणाली, "उघडली की ही इतर छत्र्यांसारखीच एक होते, काका. मिटून उंच धरली की हिच्यासारखी दुसरी नाही."

ऐकून मी फुगले, खोटं का बोलू? राग आला होता तो तिथल्या तिथे गेला. तेव्हापासून हातात छत्री आणि डोक्यावरून पाण्याच्या धारा, असा आमचा दोघींचा अवतार प्रवासी हसून बघायचे.

होडीतून उतरल्यावर ताई सगळ्यांना एकच गोष्ट बजावायची. "या छत्रीच्या मागे चला. छत्री दिसेनाशी झाली तर जिथे असाल तिथेच थांबा, पाऊलसुद्धा हलवू नका. मी परत येईन." आणि चालताना ती दर वळणावर मागे बघायची.

काय काय नाही पाहिलं मी. धनेश पक्ष्यांची जोडी उडाली की आकाशात करवत चालल्यासारखा आवाज होतो. ताई माझं टोक तिकडे करायची आणि बोलता बोलता गप्प व्हायची, म्हणजे लोकही गप्प व्हायचे. चिखलात निवट्या उड्या मारायच्या. मासा असून झाडाच्या मुळांवर चढून बसतात, फार आगाऊ जात. माकडं मला वचकून असायची, कारण त्यांच्या म्होरक्यानं एका बाईंचा चष्मा पळवला तेव्हा ताईनं मला फक्त जमिनीवर आपटलं होतं. चष्मा परत मिळाला, आणि माझा दरारा वाढला. टोपल्या विणणाऱ्या बायका मला पाहिलं की "आली गं पिवळी" म्हणत आपापल्या टोपल्या पुढे मांडायच्या. लोक माझ्यासोबत फोटो काढायचे. माझ्याइतकी कौतुकाची छत्री पृथ्वीच्या पाठीवर नसेल, असं मला वाटायला लागलं होतं.

इथेच घोटाळा झाला. ताईची थोरली नणंद धक्क्याजवळ शंख-शिंपल्यांचं दुकान चालवायची. बाई मनानं चांगली, पण डोकं सतत दुकानात. लोक माझे फोटो काढतात हे तिनं पाहिलं आणि एका होडीतून माझ्यासारख्याच पिवळ्या छत्र्यांचा गठ्ठा मागवला. घडीच्या, हलक्या, पिशवीत मावणाऱ्या. बेटाची आठवण म्हणून त्या हातोहात खपल्या.

ताई म्हणाली, "वन्सं, दुसरा रंग नव्हता का?"

"अगं, लोकांना हीच हवी. तुझं नाव होतंय, माझं दुकान चालतंय, वाईट काय आहे त्यात?" नणंद म्हणाली. ताई प्रवाशांना घेऊन पुढे निघाली. मला उत्तर सुचलं होतं, पण मला कोण विचारतो.

त्या दिवसांत एक आजी-आजोबा आले. आजोबांनी जन्मभर आगगाडीचं इंजिन चालवलं होतं. आता त्यांना विसरायला व्हायचं. सकाळी काय खाल्लं ते आठवायचं नाही, कधी कधी आजींचं नावही सुटायचं. ऐकूही कमी यायचं. पण माणूस मोठा गोड. ताईनं छत्रीची सूचना दिली तशी त्यांनी ती दोनदा विचारून घेतली आणि मान डोलावली.

"सिग्नल दिसला तर चालायचं, नाही दिसला तर गाडी जागेवर उभी," ते म्हणाले.

"बरोब्बर, आजोबा," ताई म्हणाली.

आजी ताईला हळूच म्हणाल्या, "हे बाकी सगळं विसरतील, पण सिग्नल विसरायचे नाहीत. तुम्ही फक्त लक्ष ठेवा हो."

सकाळभर आजोबा माझ्यामागे ठरावीक अंतर राखून चालले. मी थांबले की थांबायचे, निघाले की निघायचे. असा शिस्तीचा माणूस मी पाहिला नव्हता. खारफुटीत वाट दुभंगते तिथे आम्ही आलो. एक फाटा दीपगृहाकडे जातो. दुसरा जुन्या पडक्या धक्क्याकडे उतरतो, आणि भरतीला तो पाण्याखाली जातो. नेमकी तिथे एक भलीमोठी घोरपड फळ्यांवर आडवी पडलेली. लोक घाबरले, हसले, फोटो काढू लागले. ताई घोरपडीला हुसकवण्यात आणि लोकांना आवरण्यात गुंतली. तेवढ्यात दुसऱ्या होडीतली एक बाई नणंदेच्या दुकानातली पिवळी छत्री घेऊन आमच्या बाजूनं गेली आणि जुन्या धक्क्याकडे वळली.

आजोबा तिच्यामागे गेले. त्या वळणावर ताईनं मागे पाहिलं नाही.

दीपगृहाशी पोचल्यावर आजींनी विचारलं, "हे कुठे गेले?" त्यांना वाटलं होतं आजोबा पुढे ताईजवळ आहेत, ताईला वाटलं आजींजवळ आहेत. ताईनं मला घट्ट धरलं. तिची मुठीवरची पकड मला अजून आठवते. आभाळ भरून आलं होतं आणि भरती लागली होती.

ताई मला घेऊन दीपगृहाच्या पायऱ्या धावत चढली. वरून सगळा किनारा दिसतो. तिनं खाली पाहिलं, आणि पाऊस सुरू झाला. बघता बघता बेटभर पिवळ्या छत्र्या उघडल्या. दुकानापाशी पिवळी, झाडाखाली पिवळी, वाळूवर पिवळी. ताई रडवेली झाली. मलाही माझ्या रंगाचा पहिल्यांदा संताप आला. मग तिला जुन्या धक्क्यावर एक माणूस दिसला. छत्री नसलेला, खांबाला धरून उभा. पाणी त्याच्या घोट्यांच्या वर आलं होतं आणि तो हलत नव्हता.

कसा हलेल? ज्या छत्रीमागे ते गेले, ती त्या बाईनं फोटो काढून झाल्यावर घडी करून पिशवीत टाकली होती. सिग्नल दिसेनासा झाला, म्हणून गाडी जागेवर उभी होती. ताईनंच तसं सांगितलं होतं.

आम्ही फाट्यावर पोचलो तोवर आजोबांना पाण्यात पाहून होडीवाला जुन्या धक्क्याला लागला होता. तो आजोबांचा हात धरायला गेला, तर ते खांबाला आणखी घट्ट बिलगले. "मला इथून हलायचं नाही," ते शांतपणे सांगत होते. ओढून होडीत घ्यावं तर लाटेनं दोघंही पाण्यात जातील अशी गत. आमच्यामागून बातमी कळलेले लोक धावत आले, नणंदही आली, आणि सगळ्यांच्या डोक्यावर पिवळ्या छत्र्या. आजोबांनी एकदा तिकडे पाहिलं, एकदा इकडे. मग मान फिरवली. एकदा फसले होते, आता कुणावर विश्वास ठेवायचा?

ते पाहून नणंदेच्या लक्षात आलं. तिनं आपली छत्री खाडकन मिटली आणि मागे वळून ओरडली, "छत्र्या मिटा सगळ्यांनी. भिजलात तर विरघळणार नाही आहात." दुकानात बसून कमावलेला आवाज तो. सगळ्या छत्र्या मिटल्या. सगळे भिजत उभे राहिले, आजीसुद्धा.

ताई पाण्यात उतरली. खालची दगडी वाट तिच्या पायांना पाठ होती, पण पाणी गुडघ्यापर्यंत चढलं होतं. तिनं मला नेहमीसारखं उंच धरलं. पण आजोबांचा चष्मा पावसानं भरलेला, आणि भिजून काळपटलेली मी त्यांना काठीसारखी दिसत असणार. ते हलेनात.

तेव्हा ताईनं माझा खटका दाबला.

इतक्या वर्षांचा गंज होता. पहिल्यांदा काही झालं नाही. तिनं पोटाशी धरून जोर लावला, आणि मी कडकड आवाज करत उघडले. मित्रांनो, मला स्वतःलाच मी माहीत नव्हते. मिटलेली असताना जो भाग बाहेर राहायचा तो उन्हानं पार विटला होता, आणि घडीत लपलेला भाग कारखान्यातून निघाला तसा कोरा होता. फिकट पट्टा, झगझगीत पट्टा, पुन्हा फिकट, पुन्हा झगझगीत. अशी पट्ट्यापट्ट्यांची छत्री साऱ्या बेटावर दुसरी नव्हती.

आजोबांनी चष्मा पुसला आणि माझ्याकडे पाहिलं. ताई त्यांच्याजवळ गेली नाही. तिनं ओळखलं होतं, सिग्नल पुढे निघाला तरच गाडी हलणार. तिनं पाठ फिरवली आणि फाट्याकडे चालायला लागली. आजोबांनी खांब सोडला. सकाळसारखंच, ठरावीक अंतर राखून ते माझ्यामागे निघाले. ताई पाऊल टाकायची आणि मागे बघायची, पाऊल टाकायची आणि मागे बघायची. मध्येच वाऱ्यानं मला उलटं केलं, माझ्या दोन काड्या मोडल्या. ताईनं सोडलं नाही, मीही नाही. पाणी संपून फळ्या लागल्या तेव्हा आजींनी आजोबांना मिठी मारली आणि मग तिथेच खूप रागावून घेतलं.

"सिग्नल पडला नव्हता," आजोबा म्हणाले. त्यांचंही बरोबरच होतं.

त्यानंतर मला मिटता येईना. काड्या वाकल्या, खटका जाम झाला. ताईनं तेल घातलं, सुतारकाकांनी खटपट केली, शेवटी दोघांनी हात टेकले. ताईला एका लांब काठीवर लाल झेंडा मिळाला. नणंदेनं उरलेल्या पिवळ्या छत्र्या घरी नेल्या, त्यांच्या सावलीत आता तिच्या कोंबड्या बसतात. आणि मला धक्क्यावरच्या तिकिटाच्या खिडकीशेजारी टांगलं. तिथे कोळ्यानं माझ्यात जाळं केलं, कावळ्यांनी माझ्यावर काय केलं ते सांगत नाही. सकाळी झेंडा पुढे जायचा, माणसं त्याच्यामागे जायची. मी बघत राहायचे. वाईट वाटायचं. का नाही वाटणार?

मग एका सकाळी होडीतून आजी-आजोबा उतरले. आजोबा अधिक वाकले होते. त्यांना बेट आठवत नव्हतं, ताई आठवत नव्हती. सगळे झेंड्यामागे निघाले, आणि आजोबा सरळ माझ्याकडे आले. माझ्यापासून ठरावीक अंतरावर उभे राहिले.

"अहो, चला ना. सगळे गेले पुढे," आजी म्हणाल्या.

"सिग्नल निघू दे," आजोबा म्हणाले.

आजींनी ताईकडे पाहिलं. ताई परत आली. तिनं झेंड्याची काठी नणंदेच्या हातात दिली, मला खिडकीवरून उतरवलं, कोळ्याचं जाळं पदरानं पुसलं. मी वाकडी, दोन काड्यांनी लंगडी, मिटता न येणारी. पण तिनं मला पूर्वीइतकंच उंच धरलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू नीट ठेवा, छत्र्या अधूनमधून उघडून वाळवा, हे तर मी सांगणारच. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. तुमच्यामागून कुणीतरी तुमच्या भरवशावर चालत असतं. घरातलं म्हातारं माणूस असेल, धाकटं भावंड असेल. मध्येच घोरपड आडवी आली तरी एकदा मागे वळून बघा.

आम्ही सुताराच्या पडवीपाशी पोचलो. वळण आलं. ताईनं मागे पाहिलं. आजोबा येत होते.