जाळ्याची कड

गावातल्या तेजराम कोळ्याची दाढ काढली, तेव्हापासून त्याचा अर्धा खालचा ओठ मेला होता. हनुवटीवरून चहा ओघळला तरी दुसऱ्याने सांगावं लागे. तलावात फेकायच्या जाळ्याची कड दातात धरायची, अंग फिरवून जाळं सोडायचं आणि कडेची ओढ ओठाला जाणवताच तोंड उघडायचं. तेजरामला तो क्षण कळला नाही. जाळ्याबरोबर समोरचे दोन दात गेले.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात खुर्चीवर पडल्यापडल्या भैयालालला तेच आठवत होतं. तोही तसंच जाळं फेकणारा, आणि त्याचीही दाढच सुजली होती. बायको, जमुनाबाई, त्याला बळेच घेऊन आली होती.

डॉक्टर रीनाने सुई दिली. थोड्या वेळाने विचारलं, "काका, ओठ जड झाला?"

"हो बाई. दगडावानी."

तिने दाढेला हात घातला आणि कळ कानापर्यंत गेली. भैयालाल गप्प राहिला. मासा येईस्तोवर पाण्यात हलायचं नाही, ही चाळीस वर्षांची सवय. फक्त पायाची बोटं आखडली. डॉक्टरला ती दिसली. तिने हात काढला.

"दुखतंय ना? मग सांगितलं का नाही?"

"मले वाटलं, असंच असते."

"घरी काटा रुतला तं गाव डोक्यावर घेतेत," जमुनाबाई म्हणाली, "अन् इथं मुके झाले."

डॉक्टरने जबड्याचा मोठा एक्स-रे काढला आणि बराच वेळ पाहिला.

"खालच्या जबड्यात नसेची एक नळी असते. तुमच्या नळीला फाटा फुटलाय. म्हणून ओठ बधिर झाला, दाढ नाही. हा आजार नाही, जन्मापासूनची ठेवण आहे. पण दोन्ही नळ्या मुळांना खेटून आहेत. पुरी दाढ उपटली तर नस दुखावेल."

"म्हंजे ओठ मरन?"

"म्हणून मुळं तशीच ठेवते, वरचाच भाग कापते. चार तासांत ओठ जागा व्हायला हवा."

"अन् नाही झाला तं?"

तिने दुसरी सुई भरली, या वेळी वेगळ्या जागी टोचली. दाढ कापताना कळ आली नाही, तरी त्याने खुर्चीचे हात सोडले नाहीत.

घरी आल्यावर तो अंगणात जाळं घेऊन बसला. ओली कड ओठाला लावून पाहायचा. काही नाही. चार तास झाले, पाच झाले. जमुनाबाईने चहा निववून आणला आणि पदराचं टोक हातात धरून त्याच्या हनुवटीकडे बघत उभी राहिली.

त्याने घोट घेतला. ओठाच्या कडेने थेंब निसटला. तिचा हात पुढे झाला.

त्याआधीच भैयालालचं बोट तिथं पोचलं होतं.