अम्पारोचे बूट

माझ्या बापाला अक्षर वाचता येत नव्हतं, चिखल वाचता यायचा. रोज संध्याकाळी मी घरात शिरले की तो उंबऱ्यात बसून माझे बूट उलटे करायचा. लाल चिखल म्हणजे नदीकडचा, पांढरी धूळ म्हणजे स्टेशनची. आई स्टेशनवरूनच घर सोडून गेली होती, मी सात वर्षांची असताना, म्हणून पांढऱ्या धुळीला दोन थपडा जास्त. लोक म्हणतात, बिचाऱ्याच्या काळजाला भीती बसली होती. बसली असेल. थपडा मी खाल्ल्या. आणि आज माझी मुलगी घरी आली की माझी नजर आधी तिच्या बुटांवर जाते, तिच्या तोंडावर नंतर. हे मला कोणी दिलं ते सांगायला नको.

कामाहुआनी गावच्या चुरूट कारखान्यात बाबा चुरूट वळणारा होता आणि मी तंबाखूच्या पानांच्या शिरा काढायला. आम्ही हातांनी काम करायचो आणि कान आम्हाला वाचून दाखवणाऱ्या मास्तरांकडे, डॉन बाल्दोमेरोंकडे, द्यायचो. ते उंच मंचावर बसून सकाळी वर्तमानपत्र आणि दुपारी कादंबरी वाचायचे. कादंबरी कोणती ते आम्ही हात वर करून ठरवायचो. वाचन आवडलं की वळणारे आपल्या चावेता, म्हणजे पानं कापायची पाती, फळीवर आपटायचे, नाही आवडलं तर जमिनीवर टाकायचे.

त्या वर्षीची कादंबरी एका गाडीवानाची आणि त्याच्या मुलीची होती. एका दुपारी डॉन बाल्दोमेरोंनी वाचलं, की गाडीवान रोज संध्याकाळी मुलीचे बूट उलटे करून बघायचा. माझ्या हातातलं पान फाटलं. शेजारच्या फळीवरून कासिमिरो बाबाला म्हणाला, "एलेउतेरियो, अरे तू तर पुस्तकात आलास की! आता बूट पुसायचे पैसे माग." सगळं दालन हसलं. बाबा हसला नाही.

घरी त्याने मला भिंतीशी उभं केलं. घरातली गोष्ट मास्तरापर्यंत गेली कशी, हे त्याला हवं होतं. मी आईची शपथ घेतली, तीही चुकीचीच निघाली. पुस्तकात खरंच तसं नसेल, तर सोमवारी मला डोंगरात मावशीकडे पाठवणार, असं त्याने सांगितलं. म्हणजे कारखाना बंद, वाचन बंद, जन्मभर तिच्या बकऱ्या. पुस्तकात तसं असणारच, असं मी स्वतःला सांगत होते. पण मी त्याचीच मुलगी. मला कासिमिरोचा संशय आला, शेजारणीचा आला, डॉन बाल्दोमेरोंचा तर फारच आला.

शुक्रवारी त्यांचा घसा बसला. गळ्याला फडकं बांधून ते खुर्चीत बसले आणि खुणेने म्हणाले, दुसरं कोणीतरी वाचा. चुरुटाच्या खोक्यांवरची नावं आणि त्यांनी टाकलेली वर्तमानपत्रं जुळवून जुळवून मी वाचायला शिकले होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्यासाठी हात वर झाले. बाबाचा झाला नाही. मी मंचावर चढले तसा तो जागेवरूनच म्हणाला, "ते बुटांचं परत वाच."

मी पान काढलं. छापलेलं होतं, की गाडीवानाने मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, जेवलीस का. त्यावर पेन्सिलीने काट मारली होती. समासात बारीक अक्षरांत लिहिलं होतं, "इथे अम्पारोचे बूट", आणि खाली सात-आठ ओळी. अम्पारो ही डॉन बाल्दोमेरोंची मुलगी. बारा वर्षांपूर्वी गेली, एक पत्र नाही.

मी ते पेन्सिलीचंच वाचलं, फक्त नाव गाळलं. शेवटची ओळ अशी होती, की एके सकाळी बूट उंबऱ्यात होते आणि मुलगी नव्हती. चावेता फळ्यांवर आपटल्या. त्या आवाजातच बाबा मंचावर आला आणि म्हणाला, दाखव. मी बोट ठेवलं. त्याने त्या ओळींवरून अंगठा फिरवला. नुसत्या स्पर्शाने पानाची जात सांगणारा अंगठा तो. अक्षरं पुसट झाली.

"छापलेलं पुसत नाही, पोरी," तो हळू म्हणाला. "हात कोणाचा?"

"डॉन बाल्दोमेरोंचा. आपलं नाही लिहिलंय बाबा, त्यांनी त्यांच्या घरातलं लिहिलंय. अम्पारोचं."

त्याने खुर्चीकडे पाहिलं. डॉन बाल्दोमेरोंनी मान खाली घातली. मला वाटलं, आता माझ्या बापाला काहीतरी कळेल. मी मूर्ख.

"बूट बाहेर ठेवले," बाबा म्हणाला, "तिथे चुकला तो."

त्याने मला डोंगरात पाठवलं नाही. त्या संध्याकाळी माझे बूट पेटीत गेले आणि किल्ली त्याच्या गळ्यात. आता घरातच राहा म्हणाला.

सोमवारी तो गेल्यावर मी अनवाणी निघाले, नदीवरून, स्टेशनवरून, भर गावातून. कारखान्यात शिरले तेव्हा पायांना लाल चिखलही होता आणि पांढरी धूळही. डॉन बाल्दोमेरोंचा घसा अजून बसलेलाच होता, मी तशीच मंचावर चढले. कासिमिरोने चावेता एकदा आपटली, मग सगळ्यांनी. बाबाची खाली पडली. ती उचलून द्यायला कोणी वाकलं नाही.

मी तेच पान उघडलं आणि या वेळी छापलेलं वाचलं, काट मारलेलं. "गाडीवानाने मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, जेवलीस का."

बाबा उठून आला. त्याने मला खाली ओढलं नाही, माझ्या पायांकडेही पाहिलं नाही.

"हे कोणी लिहिलंय?" त्याने विचारलं.

"छापलेलंच आहे."

त्याने ओळीवर अंगठा ठेवला आणि घासला. पेन्सिलीची काट गेली, अक्षरं गेली नाहीत. तो घासत राहिला. पुस्तक फाटेल म्हणून डॉन बाल्दोमेरोंनी त्याचा हात धरला, तरी तो घासतच होता.