बंडीचा आतला खिसा

"आबा, रोख कशाला नेता? कार्ड घ्या," परदेशी पैसे बदलून देणाऱ्या ऑफिसातला काचेमागचा राजदीप म्हणाला. "कार्ड हरवलं तर बंद करता येतं. रोख हरवली तर गेली."

"रोखच पाहिजे."

"मग सरळ मुलीच्या खात्यात पाठवा ना. तुम्हाला खिशात काही बाळगायलाच नको."

"तिचं खातं नाही तिथं."

"मग जावयांच्या?"

मी पासपोर्ट काचेखालून पुढे सरकवला. त्यानं माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि पुन्हा विचारलं नाही.

माझ्या बायकोला, लताला, जाऊन तीन महिने झाले होते. धुळ्याच्या दवाखान्यात तिनं पाटल्या काढून माझ्याकडे दिल्या. हात इतके बारीक झाले होते की पाटल्या आपोआप उतरल्या. म्हणाली, "पोरना हातमा द्या. जावाईना हातमा नको."

कामिनी, आमची एकुलती एक, शारजाला असते. तिचा फोन यायचा तो स्पीकरवर, आणि जावई ललितराव शेजारी बसलेले. ते पुण्यात वाढले, अहिराणी त्यांना कळत नाही. मायलेकी भाजीपाल्याचं बोलावं तशा बोलायच्या. एकदा पोरगी हसत हसत म्हणाली, "माय, मना हातमा रुपया बी नही. माले घर येवानं शे." लतापण हसली. म्हणाली, "हाव बेटा." फोन ठेवल्यावर मात्र ओटा धरून उभी राहिली. हे तिच्या दुखण्याच्या आधीचं. माय गेली तेव्हा कामिनीला येता आलं नाही. बाळ लहान आहे, असं ललितराव म्हणाले.

पाटल्याच का नेल्या नाहीत, असं कोणी विचारेल. कामिनीचं लग्नातलं सोनं ललितरावांनी लॉकरमध्ये ठेवलंय. सोनं दिसतं, आणि दिसलं की कोणीतरी ते सांभाळायला घेतं. म्हणून जळगावच्या सराफाकडे पाटल्या मोडल्या आणि तिथून या ऑफिसात आलो.

मी मुंबई-आग्रा रोडवर ट्रक चालवण्यात आयुष्य काढलं. आम्हा ड्रायव्हर लोकांची एक रीत होती. वरच्या खिशात थोडे पैसे ठेवायचे, ते दाखवायचे. बाकीचे बंडीच्या आतल्या खिशात. रस्त्यात कोणी अडवलं आणि वरचे काढून घेतले, तर हात जोडायचे, रडायचं. मग आत कोणी बघत नाही.

"कार्डपण दे," मी राजदीपला म्हणालो. "त्यात थोडे टाक. बाकी सगळे रोख दिरहम."

"दोन्ही कशाला, आबा?"

"एक दाखवायला."

तो हसला. "आबा, तुम्ही तर पक्के निघाले!" त्यानं पासपोर्ट, व्हिसा, तिकीट तपासलं, पावती केली. नोटा देताना हळूच म्हणाला, "मोठ्या देतो. जागा कमी लागेल."

बंडीला आतून खिसा लता लावून द्यायची. या वेळी मी लावला. वेडावाकडा झाला, पण मजबूत झाला. दोनदा सुई बोटात गेली. घरात हाक मारायला कोणी नव्हतं, म्हणून ओरडलोही नाही.

शारजाला ललितराव विमानतळावर आले. वाकून पाया पडले. बॅग माझ्या हातातून घेतली. माणूस वागायला फार चांगला. गाडीत म्हणाले, "नाना, खर्चाला काय आणलंत?"

मी वरच्या खिशातलं कार्ड काढून दिलं.

"हे बरं केलंत. इथं रोख बाळगू नये. द्या, मी सांभाळतो. पिन काय आहे?"

मी पिन सांगितला. वरचा खिसा गेला, असं मनात म्हटलं.

आठवडाभर त्यांनी सुट्टी काढली होती. समुद्र दाखवला, मोठमोठे बाजार दाखवले. जेवताना स्वतः वाढायचे. कामिनी वाळली होती. माझ्याकडे बघायची आणि बाळाकडे वळायची. मायबद्दल एक शब्द निघाला नाही. आम्ही दोघं एकटे असे सापडलोच नाही. निघण्याच्या दिवशी सकाळी ललितराव बूट घालत म्हणाले, "नाना, ऑफिसात जाऊन येतो. जेवायला येईन, मग तुम्हाला सोडायला जाऊ."

दार लागलं तसा मी शर्ट उघडला आणि भाजी चिरायच्या सुरीनं खिशाची शिवण उसवली. नोटा तिच्या हातात दिल्या.

"तुन्या मायन्या पाटल्या शेत ह्या."

तिनं नोटा डोळ्यांना लावल्या. त्या आठवड्यात पहिल्यांदा रडली.

"तिकीट काढ," मी म्हणालो. "पोरले ली आनि घर ये."

"पासपोर्ट त्यासना ऑफिसमा शे, नाना. मना बी, बाळना बी."

रोख, कार्ड, खातं, सगळ्याचा मी विचार केला होता. पासपोर्टाचा केला नव्हता. दिरहमचा आजचा भाव काय, उद्याचा काय, हे विचारत बसलो होतो.

"मंग ठेव तरी. कधी ना कधी कामले येतीन."

ती उठली. तांदळाच्या डब्याचं झाकण काढलं आणि परत लावलं. "डबा तेच भरतस," म्हणाली. बाळाच्या कपड्यांचा खण उघडला. तिथल्या घड्या इतक्या सारख्या होत्या की त्या तिच्या हातच्या नव्हत्या हे मलाही कळलं. गादीचा कोपरा उचलला. देवाच्या फोटोमागे बघितलं. नोटा हातात घेऊन ती सगळं घर फिरली आणि माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"हाई घर तेच आवरतस, नाना. बठ्ठा लोके म्हंतस, तू नशीबवान शेस."

ती आत गेली आणि सुईदोरा घेऊन आली. नोटा तिनं माझ्या खिशात ठेवल्या.

"बंडी काढतो, मग शिव."

"नका काढू. ते येतीन."

अंगावरचा कपडा शिवू नये म्हणतात. शिवलाच तर जिवंत माणसानं दातात दोरा धरायचा. तिनं दोऱ्याचा तुकडा तोडून माझ्या दातात दिला आणि गुडघ्यावर बसून शिवायला लागली. टाके बारीक होते.

"मोडू नका, नाना. दिरहमच ऱ्हाऊ द्या. मी त्यासना ऑफिसमाइन पासपोर्ट काढसू. कसाबी काढसू. जवय सांगसू तवय लई या."

चल, आत्ताच ऊठ, जसं आहे तसं निघू, असं मला म्हणायचं होतं. पण दातात दोरा होता, आणि तो सोडायला माझी हिंमत झाली नाही.

बाहेर लिफ्ट थांबल्याचा आवाज आला. तिनं माझ्या छातीशी तोंड नेऊन दोरा तोडला. माझ्या शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावून दिली, कॉलर सरळ केली, हात ओला करून स्वतःचं तोंड पुसलं आणि दार उघडायला गेली.