गळक्या नळाची पत्रं

तुरुंगात कैद्यांची पत्रं तपासणाऱ्या कारकुनाची एकवीस वर्षं नोकरी झाली होती, पण नळवाल्याच्या आणि त्याच्या बायकोच्या पत्रांइतकी वाट त्याने कुणाचीच पाहिली नव्हती. कुणा संशयिताच्या फोनमध्ये नंबर सापडला, एवढ्यावरून नळवाल्याला दहशतवादविरोधी कायद्याखाली उचललं होतं. चौदा महिने झाले, आरोपपत्राचा पत्ता नव्हता.

ती लिहायची, साऱ्या गावाचे नळ नीट केलेत आणि घरचा मेला गळतोच आहे. तो उलट टपाली कळवायचा, आधी मुख्य चावी बंद कर, मग वायसर काढ, तोंड बाजूला ठेव, नाहीतर उडेल. पुढच्या पत्रात ती शेजारणीसकट भिजलेली असायची. कारकून हसू दाबत शिक्का मारायचा.

मग तपास अधिकाऱ्याने ती पत्रं मागवली. ‘मुख्य चावी’ आणि ‘उडेल’खाली लाल रेघा ओढल्या आणि बंद पाकिटातून न्यायाधीशांना दिली. गुप्त पुरावा आरोपीला दाखवायचा नाही, असं नवा कायदाच म्हणत होता. नळवाल्याची वकीलबाई मात्र हटून बसली: कशासाठी डांबलंय तेच कळलं नाही, तर माणूस उत्तर काय देणार?

न्यायाधीशांनी कारकुनाला बोलावलं. विचारतील तेवढंच बोल, असं तुरुंगाच्या साहेबांनी त्याला आधीच बजावलं होतं.

“या पत्रांत सांकेतिक भाषा आहे का?”

कारकून म्हणाला, “साहेब, माझ्या लग्नाला तीस वर्षं झाली. यात संकेत नाही, संसार आहे.”

निकाल लागला: आरोपीला न दाखवलेल्या पुराव्यावर कुणाला डांबून ठेवता येणार नाही. पाकीट वगळलं, तर हाती काहीच उरत नव्हतं. नळवाला सुटला. कारकुनाची बदली साबण-चादरींच्या कोठीत झाली.

सुटकेच्या दिवशी तो काहीतरी निमित्त काढून फाटकाशी उभा राहिला. बायकोने नवऱ्याला आपादमस्तक न्याहाळलं, किती वाळलात म्हणून झापलं, त्याची कॉलर सारखी केली आणि तिथेच रडायला लागली. कारकुनाला पुढे व्हावंसं वाटलं. पण लोकांची पत्रं वाचणाऱ्याने कुठल्या तोंडाने ओळख सांगावी? तो मागे फिरला.

घरी आल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, “मला नाही कधी पत्र लिहिलंत.”

त्याने खरंच कागद ओढला. पहिली ओळ सुचायला अर्धा तास लागला.